डुकरांना २२ टक्के प्रथिनांचं खाद्य घालतोय, तरी वजन धरेनात

आजरा_शिवार | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं गायी-म्हशीवाले जास्त, डुकरंवाले हाताच्या बोटावर मोजण्याइतके. तरी विचारतो, कारण लई अडचणीत आलोय.

माझ्याकडं यॉर्कशायर या विलायती जातीच्या संकराची ३४ पिल्लं आहेत, वय साडेतीन-चार महिने. आधी हॉटेलचं उरलेलं आणि कोंडा घालत होतो. गणित बसेना म्हणून ठरवलं की आता घरच्या घरी रीतसर खाद्य करायचं. सोयाबीन पेंडीचा भाव ऐकून मागं सरलो. गावातल्या घाण्यावर शेंगदाणा पेंड हाताशी होती, तीच धरली. १०० किलोला मका भरडा ५२, शेंगदाणा पेंड ३८, गव्हाचा कोंडा ८, मीठ आणि खनिज मिश्रण २. नमुना तपासून आणला, प्रथिनं २२ टक्के आली. मनात म्हटलं, आता डुकरं थांबत नाहीत.

पाच आठवडे झाले. २४ किलोवरून ३७ वर आलीत. रोजची वाढ ३८० ग्रॅमच्या आतच. खातात मात्र रोज पावणेदोन किलो, म्हणजे एक किलो वजनाला साडेचार किलोच्या वर खाद्य. शेण पातळ. पाणी एवढं पितात की दुपारची टाकी परत भरायला लागते. पहाटे शेडचं दार उघडलं की डोळ्यांची आग होते, दोन मिनिटं बाहेर उभं राहायला लागतं. दोघांच्या शेपट्याही कुरतडलेल्या दिसल्या.

शेजारचे अण्णा २० म्हशी सांभाळतात, त्यांचा सल्ला आहे की प्रथिनं आणखी वाढव, २५ कर. करू का? गोव्याचा व्यापारी दिवाळीनंतर गाडी लावतो म्हणालाय.

गडहिंग्लज_फार्म | सोमवार, रात्री १०.१५

२५ नको भावा. पण मी कोंबड्यांचं २२ टक्केवालं खाद्य एक महिना घातलं होतं, तेव्हा माझी डुकरं चांगली वाढली होती. म्हणजे २२ वाईट नाही. तुझ्याकडं दुसरं काहीतरी बिघडलंय. जंताचं औषध कधी दिलंस?

आजरा_शिवार | सोमवार, रात्री १०.२२

जंताचं दीड महिन्यापूर्वी दिलंय. लस पण झालीय.

पशुवैद्य_करवीर | मंगळवार, सकाळी ७.०५

२५ करू नका. तुमच्या खाद्यात प्रथिनं कमी पडलेली नाहीत, उलट जास्त झालीत. कमी पडलंय ते लायसिन. थोडं लांबण लावून सांगतो, कारण हा घोळ मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गोठ्यात बघतो.

प्रयोगशाळेत 'प्रथिनं २२ टक्के' म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात मोजलेला असतो नायट्रोजन. त्याला ६.२५ ने गुणलं की झाली प्रथिनं. ती कुठल्या पेंडीतली, कशाची बनलेली, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. डुकराला 'प्रथिनं' म्हणून काही लागत नाही, त्याला लागतात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात ते तुकडे. त्यातली दहा त्याला शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत, ती खाद्यातूनच यावी लागतात. मका-पेंडीच्या खाद्यात सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो लायसिनचा. मग थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन.

आपल्याकडच्या चपलेचं उदाहरण घ्या. कारागिराकडं तळाचं कातडं ढीगभर आहे, पण शिवायची वादी दहाच जोडांपुरती उरलीय. मग जोड दहाच होणार, कातडं कितीही आणून टाका. डुकराचं मांस तसंच बनतं. लायसिन जेवढं, तेवढंच मांस. फरक एवढाच की कारागीर उरलेलं कातडं उद्यासाठी ठेवतो. शरीराला जादा अमिनो आम्लं साठवता येत नाहीत. यकृत त्यातला नायट्रोजन काढतं, त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे बाहेर टाकतं. या कामाला ऊर्जा जाते आणि पाणी लागतं. तुमची टाकी दुपारी का रिकामी होते ते इथं कळतं. लघवीतला युरिया शेणातल्या जंतूंशी मिसळला की अमोनिया सुटतो. पहाटे तुमच्या डोळ्यांना झोंबतं ते हेच, पैसे देऊन घेतलेलं प्रथिन.

आता तुमचंच मिश्रण घेऊन हिशेब करू. मक्यात लायसिन साधारण ०.२५ टक्के, घाण्याच्या शेंगदाणा पेंडीत दीडच्या आसपास. ५२ किलो मक्यातून १३० ग्रॅम, ३८ किलो पेंडीतून ५७० ग्रॅम, कोंड्यातून ५० ग्रॅम. १०० किलोत झालं पाऊण किलो, म्हणजे ०.७५ टक्के. २० ते ५० किलो वजनाच्या वाढत्या पिल्लाला ०.९५ च्या आसपास पाहिजे.

याउलट मका ६५, सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) २५, गव्हाचा कोंडा साडेसात, मीठ-खनिज अडीच असं धरा. सोया पेंडीत लायसिन २.८ टक्क्यांच्या घरात असतं. या मिश्रणाचं प्रथिन १८ टक्केच भरतं, पण लायसिन ०.९ च्या वर जातं. तुमच्या २२ मध्ये ०.७५ आणि या १८ मध्ये ०.९. यातच सगळं आलं.

गडहिंग्लजवाल्यांची डुकरं कोंबडीखाद्यावर वाढली, कारण त्यात सोया असतो आणि वरून लायसिन-मेथिओनिन घातलेलं असतं. तो गुण २२ या आकड्याचा नव्हता.

शेपट्या कुरतडण्यामागं गर्दी, मीठ कमी, कोंदट हवा अशी बरीच कारणं असतात. अमिनो आम्लांचा तोल बिघडणं हेही त्यातलं एक. जखमी पिल्लं आजच वेगळी करा.

अजून एक गोष्ट मनात खटकतेय. आजऱ्याचा पाऊस आणि घाण्याची शेंगदाणा पेंड. पोती कुठं ठेवता?

आजरा_शिवार | मंगळवार, सकाळी ८.३०

डॉक्टर, वाचून डोकं सुन्न झालं. पोती शेडच्या पडवीत, फळ्यांवर ठेवतो. खालच्या दोन पोत्यांना ओल लागली होती. वरचा हिरवट थर खरवडून टाकला आणि बाकीची वापरली.

पशुवैद्य_करवीर | मंगळवार, दुपारी १.१०

ती दोन्ही पोती बंद करा. विकू नका, म्हशींनाही घालू नका. शेंगदाण्याच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, वरचा थर खरवडून जात नाही. शिजवूनही जात नाही. ते यकृतावर बसतं. जनावर बहुधा लगेच मरत नाही, पण खाल्लेलं अंगी लागत नाही, लसही नीट लागू पडत नाही. तुमच्या कमी वाढीत त्याचाही वाटा असू शकतो.

हातकणंगले_पाटील | मंगळवार, दुपारी २.००

आमच्या घरी सोयाबीन स्वतःचं आहे. पेंड विकत घेण्यापेक्षा कच्चं सोयाबीनच भरडून घातलं तर? प्रथिनं तर ३६-३८ टक्के असतात म्हणे.

पशुवैद्य_करवीर | मंगळवार, दुपारी २.२०

कच्चं मुळीच नको. त्यात ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिन पचवणाऱ्या पाचकरसाला, अडवणारा घटक असतो, त्यामुळं प्रथिन नीट पचत नाही आणि स्वादुपिंडावर ताण येतो. नीट भाजलं किंवा शिजवलं तर चालतं. भाजताना दाणा आतपर्यंत शिजला पाहिजे, पण काळा पडता कामा नये. करपलं की लायसिनच आधी जातं. तेल जास्त असतं, म्हणून मोठ्या डुकरांना बेतानं द्या, नाहीतर चरबी मऊ पडते.

शिरोली_भरडा | मंगळवार, रात्री ८.४५

मी भरड्याची गिरणी चालवतो, दोन शब्द माझे.

आपल्या भागात प्रत्येक घरात म्हशीची गोळी पेंड असतेच. म्हणून डुकरांनाही त्यातलंच दोन ओंजळी घालायची सवय झालीय. ते बंद करा, कळकळीनं सांगतो. म्हशीच्या पोटातले जंतू कसल्याही नायट्रोजनपासून प्रथिन तयार करतात. म्हणून तिच्या खाद्यात थोडा युरिया चालतो, सरकी पेंड चालते, लायसिन बघायला लागत नाही. डुकराचं पोट माणसासारखं, एकच. त्याला जे पाहिजे ते तयारच मिळालं पाहिजे. अण्णांचा सल्ला म्हशीला बरोबर असेल, डुकराला नाही. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, तेही डुकराला बाधतं.

दुसरं. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडनं डीओसी घेतली होती. तपासणीत प्रथिन ४८ आलं, मी खूश. गिऱ्हाईकाची पिल्लं मात्र आठवड्यात खाद्य सोडायला लागली. पुन्हा तपासलं तर युरिया मिसळलेला. नायट्रोजन मोजायच्या पद्धतीत युरियासुद्धा प्रथिन म्हणूनच मोजला जातो, डॉक्टरांनी वर सांगितलंच. त्या गिऱ्हाईकाच्या दारात जाऊन मला पैसे परत द्यावे लागले. पैशापेक्षा त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून प्रत्येक लॉटची युरिया तपासणी वेगळी करून घेतो. तुम्हीही मागा.

आता स्वस्ताचा मार्ग. लायसिनची पावडर मिळते, पांढरट-तपकिरी, त्यात शुद्ध लायसिन ७८ टक्के. एका टनाला दीड किलो पावडर आणि साडेअठ्ठेचाळीस किलो मका घातला तर ५० किलो डीओसी कमी करता येते. प्रथिन दीड-दोन टक्क्यांनी उतरतं, वाढ तीच राहते. डीओसी महाग झाली की मी गिऱ्हाईकाला हेच सुचवतो. पण दीड किलो पावडर टनात नुसती ओतू नका. आधी पाच किलो भरड्यात हातानं मिसळा, मग पंचवीस किलोत, मग मशीनमध्ये. नाहीतर एका डुकराला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही.

भुदरगड_ताई | बुधवार, सकाळी ६.५०

मी सहा माद्या सांभाळते. माझं दुखणं उलटं आहे. दुधावरून तोडलेल्या पिल्लांना मी मुद्दाम जास्त प्रथिनाचं, २४ टक्क्यांचं खाद्य देत होते. लहान आहेत, वाढीचं वय आहे, म्हणून. तोडल्यावर पाचव्या दिवसापासून हगवण सुरू. मागच्या वेताला ११ पिल्लांतली ३ गेली. शेपटीखालचं सगळं भिजलेलं, कान गार, आणि तरीही आईकडं जायला फळीला तोंड लावून उभी. ते बघवत नाही.

दुसरी गोष्ट, माझी एक मादी पिल्लं तोडून महिना झाला तरी माजावर येईना. तिचं नेमकं काय चुकलं?

पशुवैद्य_करवीर | बुधवार, सकाळी ९.३०

ताई, वाईट वाटलं वाचून. तुमचा हेतू चांगला होता, पण त्या वयात पिल्लाचं पोट तेवढं तयार नसतं. आईचं दूध सुटलं की पोटातलं आम्ल कमी पडतं. २४ टक्के प्रथिनातलं बरंच न पचता मोठ्या आतड्यात उतरतं, आणि तिथं ई. कोलायसारख्या जंतूंना आयतं खाणं मिळतं. हगवण त्यातनंच. पूर्वी युरोपात यावर खाद्यातून औषधाच्या मात्रेत झिंक ऑक्साइड देत. २०२२ च्या जूनपासून तिथं त्यावर बंदी आली, आणि मग तिथल्या लोकांनीही तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यातलं प्रथिन खाली आणून अमिनो आम्लं वरून घालायचा मार्ग धरला.

तुम्ही १८ च्या आसपास या. मात्र नुसतं प्रथिन कमी केलं तर पिल्लं खुरटतील. लायसिन, थ्रिओनिन, मेथिओनिन वरून घालायला लागेल. त्या वयाला लायसिन सव्वा टक्क्याच्या जवळ पाहिजे. सोया एकदम जास्त नको, थोडी दूध पावडर बसत असेल तर उत्तम. तोडायच्या आधी दोन आठवडे हेच खाद्य आईजवळ असतानाच चाटायला ठेवा. पहिला आठवडा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. हगवण लागलीच तर आधी पाणी आणि क्षार, आणि मला फोटोवर न विचारता जवळच्या दवाखान्यात न्या. तासातासाला पिल्लू सुकतं.

माजावर न येणाऱ्या मादीला दूध देताना काय घालत होता?

भुदरगड_ताई | बुधवार, सकाळी ११.१५

गाभण असताना जे, तेच. कोंडा, मका, थोडी पेंड. तीन किलो. १२-१३ टक्के असेल.

पशुवैद्य_करवीर | बुधवार, दुपारी १२.००

तिथंच चुकलं. गाभणपणी १३-१४ टक्के पुरतं. व्याल्यावर तिला १६ ते १८ टक्क्यांचं पाहिजे, आणि प्रमाण पिल्लामागं पाव ते अर्धा किलो वाढवून. खाद्यातून मिळालं नाही तर ती दूध थांबवत नाही, स्वतःच्या मांसातून देते. तोडताना तिचं पाठीचं हाड बोटाला लागत होतं का, आठवून बघा. अशी मादी माजावर यायला उशीर करते आणि पुढच्या वेताला पिल्लंही कमी देते. चांगली खाल्लेली मादी तोडल्यावर चार ते सात दिवसांत माजावर येते.

भुदरगड_ताई | बुधवार, दुपारी १२.२०

पाठीचंच नाही, खांद्याचंही दिसत होतं. मला वाटलं दूध देतीय म्हणून वाळली.

जुना_वाडा | बुधवार, रात्री ९.००

आमच्या घरात तीन पिढ्या डुकरं हायती. आज्ज्यानं कधी टक्का बघितला न्हाई. गावात सोडायची, सांजच्याला परत यायची. देशी जात, वरसभरानं कुठं ५०-६० किलो. चरबी बोटभर. तवा चरबीलाबी गिऱ्हाईक हुतं, औषधाला न्यायची माणसं.

आता डाक्टर सांगत्यात त्यावरनं उमगतंय की तवा चरबी का हुती. कोंडा, शिळं, कंदमुळं, समदं ऊर्जेचंच खाणं. मांस करायला प्रथिन न्हाई, मग उरलेल्याची चरबी. पण एक सांगतो, गोव्याचं चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) करणारं गिऱ्हाईक थोडी चरबी मागतंय. निव्वळ लाल मांस त्याला नको. गाडी भरायच्या आधी विचारा त्याला.

आणि पोरानू, हॉटेलचं खरकटं घालणाऱ्यांनी उकळल्याबिगर घालू नगा. आमच्या पावण्यांच्या डुकरांची अख्खी वस्ती एका आठवड्यात रिकामी झाली ती मी बघितलीया.

पशुवैद्य_करवीर | बुधवार, रात्री ९.४०

काका बरोबर बोलले. प्रथिन कमी आणि ऊर्जा जास्त झाली की चरबी चढते, मांसात आतसुद्धा उतरते. खरकट्याबद्दल तर अगदी खरं. २०२० मध्ये ईशान्येकडून आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग देशात शिरला, त्यावर आपल्याकडं लस नाही. खरकट्यातला डुकराच्या मांसाचा एक तुकडा पुरतो. अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय घालू नये, आणि मांसाचं असेल तर घेऊच नये. शिवाय खरकट्यात पाणीच तीन हिस्से. आज भात, उद्या रस्सा. प्रथिन किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

कागल_३३ | गुरुवार, सकाळी १०.०५

अझोला (पाण्यावर वाढणारी बारीक वनस्पती) घालून प्रथिन भागेल का? व्हिडिओत सगळे सांगतात.

शिरोली_भरडा | गुरुवार, सकाळी १०.३०

सुक्या अझोल्यात २०-२५ टक्के असतं, ते खरं. पण ताज्या अझोल्यात ९०-९५ टक्के पाणी. म्हणजे एक किलो ताज्यातून १५-२० ग्रॅम प्रथिन. माद्यांना जोडीला ठीक. वाढत्या पिल्लाचं पोट पाण्यानंच भरेल.

आजरा_शिवार | नऊ आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.१५

मंडळी, उशीर झाला त्याबद्दल माफी. काय झालं ते नीट सांगतो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिला.

सगळ्यांचं खाद्य एकदम बदलायला धीर होईना. एका खणात १७ ठेवली, त्यांना डॉक्टरांचं १८ टक्केवालं, सोयाचं. दुसऱ्या खणातल्या १७ ना माझंच जुनं २२ टक्केवालं, पण नव्या कोरड्या पेंडीचं. वजनकाटा नव्हता, टेप घेतली. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले कानामागून शेपटीपर्यंतची लांबी, सगळं मीटरमध्ये, त्याला ६९.३ ने गुणायचं. सकाळी उपाशीपोटी, प्रत्येक वेळी मीच मापलं.

तीन आठवड्यांत सोयावाली साडेअकरा किलोनं वाढली, शेंगदाणावाली आठनं. खाल्लं दोघांनी जवळपास सारखंच. सोयाच्या खणात एक किलो वजनाला सव्वातीन किलोच्या आत खाद्य लागलं. महाग पेंड घेऊनही किलोमागं खर्च कमी आला, हे मी वहीत तीनदा आकडे मांडून बघितलं.

त्या दिवशीच दुसऱ्या खणाचंही खाद्य बदललं. आता दोन्हीतला फरक कमी झालाय, पण पुरता भरला नाही. त्या तीन आठवड्यांत मागं पडलेली चार अजूनही ओळखू येतात. जाणूनबुजून ठेवली होती ती तशी, म्हणून त्यांच्याकडं बघताना जीवाला लागतं.

६० किलो पार केल्यावर डॉक्टरांना फोन करून मका ७०, डीओसी १८, कोंडा साडेनऊ, मीठ-खनिज अडीच असं केलं. प्रथिन १६ च्या खाली. आधी भीती वाटली की उतरवलं तर वाढ थांबेल. थांबली नाही. पाण्याची टाकी आता संध्याकाळपर्यंत पुरते. पहाटे दार उघडून सरळ आत जातो. शेपट्याही बऱ्या झाल्या.

ओली दोन पोती शेतात खड्डा काढून पुरली. अण्णांना लायसिनचं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हशीचं आणि डुकराचं पोट वेगळं असतं हे चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली गाडी गुरुवारी आंबोलीमार्गे जाते. व्यापाऱ्याला चरबीचं विचारलं, जुन्या वाड्याचे काका म्हणाले तसंच निघालं. त्याला १२ पातळ आणि ५ जाड चरबीची पाहिजेत. जाड कशी करायची, शेवटचा महिना प्रथिन आणखी उतरवून?

पशुवैद्य_करवीर | रविवार, रात्री ९.०५

आकडे जपून ठेवलेत, फार बरं केलंत. जाड चरबीसाठी प्रथिन मुद्दाम पाडू नका, किलोमागं खाद्य वाढत जाईल. पाच माद्या निवडा. खच्ची केलेले नर असतील तर ते आधी, त्यांना चरबी लवकर चढते. त्यांना ९०-९५ किलोपर्यंत ठेवा, बाकीची ८० ला जाऊ द्या.

भुदरगड_ताई | रविवार, रात्री ९.३०

माझी ती मादी दुसऱ्यांदा गाभण आहे. आणि दुसरीच्या पिल्लांना या वेळी १८ टक्क्यांचं घातलं. १० तोडली, १० आहेत. एकाला दोन दिवस पातळ झालं होतं, ते काल खायला पुढं आलं. डॉक्टर, थ्रिओनिनची पावडर आमच्याकडं मिळत नाही. शिरोलीतनं एसटीनं पाठवता येईल का?

शिरोली_भरडा | रविवार, रात्री ९.४५

येईल ताई. पाच किलोचं पाकीट आहे. मंगळवारी सकाळच्या गारगोटी गाडीला देतो, मिसळायचं प्रमाण चिठ्ठीवर लिहून आत ठेवतो.